घर गावी, बिऱ्हाड घोडपदेवास

घोडपदेवच्या चाळीत तीन पिढ्या काढलेल्या मनुष्यास 'आपले घर कोठे?' असे विचारले, तर तो बहुधा गुहागर, संगमेश्वर, पाटण अथवा जुन्नर ह्यांपैकी एखाद्या तालुक्याचे नाव घेतो. 'मग येथे काय आहे?' असे पुन्हा विचारल्यास 'येथे खोली आहे' असे उत्तर मिळते. मागच्या पिढीतील मंडळी खोलीस 'बिऱ्हाड' म्हणत. जेथे जन्म झाला, मुले वाढली व म्हातारी माणसे डोळ्यांदेखत गेली, ते बिऱ्हाड. आणि जेथे गणपतीस किंवा शिमग्यास वर्षाकाठी पंधरा दिवस जावयाचे, ते घर! ह्या वाटणीत कोणास काही वावगे वाटत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे. परंतु मुंबईच्या गेल्या दीडशे वर्षांतील वादांचे एक मोठे सूत्र ह्या दोन साध्या शब्दांत गुंतलेले आहे, आणि ते उलगडून पाहण्याजोगे आहे असे मला वाटते.

इतिहास सामान्यतः ठराव, अहवाल आणि मोर्चे ह्यांवरून लिहिला जातो. तो तसा लिहिलाच पाहिजे. पण माणसे स्वतःस कोणते नाव देतात, परक्यांस कोणत्या नावाने हाक मारतात, कोणत्या प्रसंगी 'आम्ही' म्हणतात व कोणत्या प्रसंगी 'आपण', हे तपासण्याचीही एक रीत आहे. अलीकडचे अभ्यासक तीस 'संकथनाचे विश्लेषण' म्हणतात. नाव जड आहे, काम तितके जड नाही. शब्दाची व्युत्पत्ती शोधणारा शब्दाच्या मुळाशी जातो. येथे तो शब्द कोणाच्या तोंडून निघाला आणि कोणाविरुद्ध वापरला गेला हे पाहावयाचे असते, एवढाच काय तो भेद.

घोडपदेव ह्या वस्तीस तेथील देवस्थानावरून नाव मिळाले. नावाचे लेखनही एकसारखे नाही. कोठे 'घोडपदेव' तर कोठे 'घोरपदेव'. पश्चिमेस भायखळा, दक्षिणेस माझगाव, उत्तरेस काळाचौकी, आणि पूर्वेस रे रोडच्या स्थानकापलीकडे बंदराची जमीन व दारूखाना, अशा चतुःसीमेत ही वस्ती आहे. प्रिन्सेस गोदी १८८० त उघडली, व्हिक्टोरिया गोदी १८८८ त. चहूंकडे कापडाच्या गिरण्या होत्या, आणि कोकणच्या आगबोटी ज्या भाऊच्या धक्क्यास लागत तो हाकेच्या अंतरावर. वळकटी खांद्यावर टाकून बोटीतून उतरलेला मनुष्य पायीच ह्या वस्तीत येऊ शकत असे. घाटावरून येणाऱ्यास बोरघाटातील लोहमार्गाने १८६३ नंतर भायखळ्यापर्यंत थेट वाट झाली. येणारा एकटा येई, गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोलीत वळकटी टेकवी आणि खानावळीत जेवी. माझगाव व धोबीतलाव ह्या भागांत गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचे 'कूड' असत. गावकीच्या खोलीची ती सख्खी भावंडे होत.

ह्या स्थलांतराचा आकार केवढा होता, हे खानेसुमारीवरून कळते. १९२१ साली मुंबईची वस्ती सुमारे पावणेबारा लाख होती. तीत मुंबईतच जन्मलेले शंभरांत केवळ सोळा! दर पाच मुंबईकरांतील एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. त्या वेळच्या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराचसा भाग मोडत असे. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या. म्हणजे बायकोमुले, म्हातारे आईबाप आणि जमिनीचा तुकडा मागे ठेवून आलेल्या कर्त्या पुरुषांचे हे शहर होते. घर कोठे, ह्या प्रश्नास तो गृहस्थ गावाचे नाव देई ते केवळ मायेपोटी नव्हे. ज्या ठिकाणी बायको चूल पेटवीत आहे त्या ठिकाणास 'घर' म्हणण्यात त्याने भाषेचा काही विपर्यास केला नव्हता.

खानेसुमारीने मात्र ह्याच मनुष्यास दोन प्रश्न विचारून दोन निरनिराळ्या रकान्यांत घातले. 'जन्मस्थान कोणते?' ह्या प्रश्नाच्या उत्तराने तो मुंबईबाहेरचा ठरला. 'मातृभाषा कोणती?' ह्या प्रश्नाच्या उत्तराने तो शहरातील सर्वांत मोठ्या समाजाचा घटक झाला. १९११ व १९२१ ह्या दोन्ही वेळी मराठी बोलणारे निम्म्याहून किंचित अधिक होते. एकाच मनुष्याचे हे दोन आकडे पुढे परस्परांविरुद्ध उभे राहावयाचे होते.

त्या मनुष्यास लोक काय म्हणत? कोकणातील गावी तो 'मुंबईकर' अथवा 'चाकरमानी'. त्याच्या येण्याची वाट पाहिली जाई, त्याच्या ट्रंकेची आणि कोटाची चर्चा होई, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी त्याच्याकडून अपेक्षिली जाई. तोच मुंबईत पाऊल टाकताक्षणी 'कोकण्या' होई. घाटावरून आलेल्यास तर 'घाटी' हाच शब्द राखून ठेवलेला होता. आरंभी हा शब्द कोकणच्या माणसाने घाटापलीकडच्या माणसास लावलेला, निव्वळ भूगोलाचा होता. मुंबईत तो इतर भाषिकांच्या तोंडी गेला आणि हमाली व अंगमेहनत करणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाची हेटाळणी करण्याचे साधन बनला. भूगोल गळून पडला, तिरस्कार तेवढा उरला. त्यातील विनोद असा की ह्या नव्या अर्थाच्या तडाख्यात घाट कधी न चढलेला कोकणी मनुष्यही सापडला! पुष्कळ गुजराती व पारशी घरांत कोकणी गड्यास त्याचे नाव काहीही असले तरी 'रामा' म्हणत. एका देवाचे नाव एका धंद्याचे नाव झाले.

आपल्या आडनावांतील 'कर' हा प्रत्यय ह्या संदर्भात फार बोलका आहे. वतनदारांची नावे जुनीच आहेत, ती येथे बाजूस ठेवू. पण सामान्य मनुष्यास 'पेणकर' कोण म्हणतो? पेणमध्ये तर सगळेच पेणचे. तेथे हा शब्द काहीच सांगत नाही. मनुष्य पेण सोडून दुसरीकडे राहावयास गेला, की तेथील लोक त्यास पेणकर म्हणू लागतात. गाव सुटल्यावर गावाचे नाव माणसास चिकटते. ह्या दृष्टीने पाहिले तर गिरणीच्या हजेरीपटावरील गावांची ती लांबलचक यादी म्हणजे सुटलेल्या गावांचीच यादी होती.

येथे मध्यमवर्गीय वाचकाने किंचित थांबून स्वतःकडे पाहण्यास हरकत नाही. गिरगावात व दादरला राहिलेल्या आपल्यापैकी पुष्कळांचे पणजोबा त्याच बोटीने, त्याच धक्क्यावर उतरले. फरक इतकाच की ते 'नोकरी'स आले आणि घोडपदेवचा मनुष्य 'कामा'स आला. कारकून मुंबईस 'स्थायिक झाला' असे आपल्या कुलवृत्तांतांत छापलेले आढळते. गिरणीकामगार मात्र पन्नास वर्षे राहूनही गावाहून 'आलेला'च राहिला. मोलकरणीस व गड्यास 'घाटी' म्हणणाऱ्यांत सर्वच इतर भाषिक होते, असेही नाही. आपल्या वाङ्मयात चाळ पुष्कळ आली, पण बहुधा ती गिरगावची चाळ होती.

आता प्रश्न असा की बिऱ्हाडाचे घर का झाले नाही? गावाची ओढ हे सोपे उत्तर आहे, आणि ते अपुरे आहे. १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मांडवीत प्लेगचा उद्भव झाला, तेव्हा हजारो माणसे गावी पळाली. १९१८ च्या तापाच्या साथीत तेच झाले. १९२८ चा गिरण्यांचा संप सहा महिने चालला, तो ज्या बळावर चालला त्यात गावच्या तांदळाचाही वाटा होता. गिरणीत बदली कामगारास रोज सकाळी दरवाजाशी उभे राहून आज काम आहे की नाही हे पाहावे लागे. आजारपणास, म्हातारपणास आणि बेकारीस शहराने काहीच तरतूद केलेली नव्हती. इतिहासकार राजनारायण चंदावरकर ह्यांनी मुंबईच्या भांडवलशाहीवरील आपल्या १९९४ च्या ग्रंथात हाच मुद्दा विस्ताराने मांडला आहे: शहरातील अस्थिरतेमुळेच कामगाराने गावाचा धागा तुटू दिला नाही. थोडक्यात, 'घर गावी आहे' हे वाक्य म्हणजे त्याचा विमा होता. हप्ता मनिऑर्डरने जाई.

परंतु हे वाक्य मालकांनी व सरकारने निराळ्या कानांनी ऐकले. व्हिटले ह्यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाचा अहवाल १९३१ साली निघाला. हिंदी कामगार हा मनाने खेडूतच आहे, शहर त्यास ओढून घेत नाही, तर खेडे त्यास बाहेर ढकलते, अशा आशयाचे त्यात प्रतिपादन होते. निरीक्षण म्हणून त्यात तथ्य होते आणि आयोगाची सहानुभूतीही खोटी नव्हती. पण मालकवर्गाच्या तोंडी हाच विचार सोयीचे समर्थन होऊन बसला. जो आज ना उद्या गावी जाणार त्यास कायमची जागा कशास हवी, त्यास म्हातारपणाची तरतूद कशास हवी? त्याच्या विम्याचे वाक्य त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून दाखल झाले. ही पहिली वेळ होय. ती शेवटची ठरली नाही.

राष्ट्रीयत्वाच्या कल्पनेकडे वळण्यापूर्वी 'देश' ह्या शब्दाकडे एकवार पाहिले पाहिजे. कोकण्याच्या लेखी 'देश' म्हणजे घाटावरचा मुलूख. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मनुष्यास जुन्या मराठीत 'परदेशी' म्हणत, आणि त्यात कोणास विसंगती दिसत नसे. बंगालच्या फाळणीनंतर, १९०५ पासून, 'स्वदेशी'च्या चळवळीने ह्या शब्दाचा पल्ला एकदम हिमालयापर्यंत वाढविला. आता तो परदेशी स्वदेशबांधव झाला. परदेशी म्हणजे मँचेस्टरचे कापड. मुंबईच्या गिरण्यांत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदत होते: मालक स्वदेशी, साचावरचा मनुष्य देशावरचा, आणि शेजारच्या साचावरचा परदेशी. पुढे इंग्रजी राज्यव्यवस्थेतील 'प्रांत' हा शब्द रुळला आणि 'परप्रांतीय' हा जुन्या 'परदेशी'चा वारस झाला. बदल लहान दिसतो, पण देश मोठा झाल्यावर परकेपणासाठी त्याहून लहान भांडे शोधावे लागले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न निघाला आणि मुंबई कोणाची हा वाद पेटला. दार आयोगाने डिसेंबर १९४८ मधील अहवालात मुंबईच्या बहुभाषिक स्वरूपावर भर दिला. नेहरू, पटेल व पट्टाभि ह्यांच्या समितीने १९४९ त, महाराष्ट्र प्रांत झालाच तर मुंबई वेगळी ठेवावी असे मत दिले. १९५१ च्या खानेसुमारीत मराठी भाषिकांचे प्रमाण शंभरांत सुमारे चव्वेचाळीसवर आले. मधल्या काळात फाळणीने निर्वासित झालेले सिंधी व पंजाबी आणि देशभरचे इतर लोक शहरात आले होते. मुंबई स्वतंत्र असावी म्हणणाऱ्यांनी ह्या दोन्ही आकड्यांचा उपयोग केला. मातृभाषेच्या रकान्यावरून मराठी लोक बहुसंख्य नाहीत असे त्यांस दाखविता आले, आणि जन्मस्थानाच्या रकान्यावरून हे लोकही बाहेरूनच पोट भरावयास आलेले, तेव्हा त्यांचा अधिकार इतरांहून अधिक कसा, असे विचारता आले. घर गावी, हे तर हे लोक स्वतःच सांगतात!

ह्या युक्तिवादास जी उत्तरे दिली गेली, त्यांत डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली आयोगापुढे ठेवलेले निवेदन मला सर्वांत मार्मिक वाटते. आंबेडकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, आणि त्यांची उमेदीची पुष्कळ वर्षे परळच्या ट्रस्टच्या चाळीत गेलेली. चाळ आणि गाव ही दोन्ही त्यांस पुस्तकावाचून ठाऊक होती. गुजराती व्यापारी हे मुंबईचे मूळ रहिवासी नव्हेत, सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीकडून सवलतींची हमी घेऊन ते आले, हे त्यांनी जुन्या कागदांच्या आधारे दाखविले. मराठी भाषिकांचे प्रमाण घटले ह्या आक्षेपाला त्यांचे उत्तर असे की, सर्व हिंदुस्थानास मुंबईचे दार उघडे आहे म्हणून ते घटले. त्या मोकळेपणाची शिक्षा महाराष्ट्रास का? ह्या उत्तरात एक गोष्ट सूक्ष्म आहे. येणाऱ्यांस येऊ नका असे ते म्हणत नाहीत. येण्याचा हक्क आणि प्रदेश कोणाचा हा प्रश्न, ह्या दोहोंची त्यांनी फारकत केली. पुढच्या काळात ही फारकत फार थोड्यांस सांभाळता आली.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत, हे आपण नेहमी विसरतो. 'आपण' मध्ये समोरचा ऐकणारा येतो, 'आम्ही' मध्ये तो वगळला जातो. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास प्रभृतींच्या मुंबई नागरिक समितीने राज्य पुनर्रचना आयोगापुढे आपले म्हणणे इंग्रजीत मांडले. त्या भाषेत हा भेद करण्याची सोय नाही, त्यामुळे ते कोणाच्या वतीने बोलत आहेत हे वाक्यावरून ओळखता येत नाही. रस्त्यावर मात्र घोषणा झाली ती 'मुंबई आमची, नाही कुणाच्या बापाची'. 'आपली मुंबई' असे म्हटले असते तर प्रतिपक्षासही तीत जागा राहिली असती. 'आमची' म्हणताच दार लागले. परंतु ज्यांस दोन पिढ्या 'तुमची नव्हे' असे सांगण्यात आले होते, त्यांच्या तोंडून 'आमची' निघाले, ह्यात नवल कसले? १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि गिरणगाव रस्त्यावर आले. गोळीबारात जी माणसे पडली त्यांत गिरण्यांत खपणारे पुष्कळ होते. ज्यांचे घर गावी होते, त्यांनीच बिऱ्हाडाच्या शहरासाठी प्राण दिले. खानेसुमारीच्या कोणत्याही रकान्यात न मावणारी ही गोष्ट आहे.

त्या चळवळीतील एक रचना ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णा भाऊ साठे ह्यांची छक्कड शाहीर अमर शेख ह्यांच्या आवाजात महाराष्ट्रभर पोहोचली. वाटेगावचे अण्णा भाऊ स्वतः लहानपणी कुटुंबाबरोबर पायी चालत मुंबईस आलेले. पोटासाठी मुंबईस आलेला मनुष्य गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, असा तिचा आरंभ; हा विरह चाळीतील प्रत्येकास ठाऊक होता. शेवटाकडे ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव असे उलगडते. घर आणि बिऱ्हाड ह्यांच्यामधले जे अंतर आजवर परकेपणाचा पुरावा म्हणून वापरले गेले, तेच येथे एकत्वाचा आधार झाले: नवरा येथे, बायको तेथे, म्हणूनच दोन्ही ठिकाणे एका संसाराची. राज्य पुनर्रचनेच्या वादात हजारो पृष्ठे छापली गेली. ह्याहून नेटका प्रतिवाद माझ्या वाचनात आलेला नाही.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्याच वर्षाच्या ऑगस्टात 'मार्मिक' निघाले, आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांच्या अमराठी आडनावांच्या याद्या 'मार्मिक'मध्ये छापल्या जात. ज्या आडनावांवरून एके काळी गाव ओळखीत, त्यांवरून आता परकेपण ओळखू लागले. 'भूमिपुत्र' हा शब्द पुढे आला. मराठी तरुणांची नोकरीबाबतची तक्रार खरी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कोकणातून व घाटावरून आलेल्यांचे पुत्र मुंबईच्या भूमीचे पुत्र झाले ते कोणत्या न्यायाने? आंबेडकरांच्या न्यायाने पाहिले तर, प्रदेश महाराष्ट्राचा म्हणून. पण तो न्याय नंतर येणाऱ्यास आडवीत नाही. आडविण्यासाठी दुसरा युक्तिवाद लागला, आणि तो तयारच होता: हे लोक पोट भरावयास येतात, पैसा गावी धाडतात, ह्यांचे घर तिकडे आहे. १९३१ त व १९५५ त जे कोकण्याविषयी बोलले गेले तेच, जवळजवळ शब्दशः, आधी दाक्षिणात्यांविषयी व पुढे उत्तरेकडील लोकांविषयी बोलले जाऊ लागले. बोलणारे तेवढे बदलले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या. गावचा विमाही आता पूर्वीसारखा पुरा पडेना. जमिनीचे तुकडे झाले होते आणि मुले शहरात वाढलेली होती. भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार वाशीस गेला. पुष्कळ कुटुंबांनी खोल्या विकून डोंबिवली, विरार गाठले. कित्येक अजून तेथेच आहेत. शब्द मात्र हटले नाहीत. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांनी शासकीय व्यवहारात 'चाकरमानी' ऐवजी 'कोकणवासीय' हा शब्द वापरण्यास सांगितले. 'चाकर' ह्या फारशी शब्दात कमीपणा आहे, ही भावना समजण्याजोगी आहे. पण मुंबईत जन्मून मुंबईत राहणाऱ्यास कोकणचा रहिवासी म्हणावयाचे, म्हणजे जन्मस्थानाच्या रकान्याच्याही पलीकडे गेल्यासारखे झाले. जुना शब्द निदान तो येथे काय करीत होता हे तरी सांगत होता.

गिरण्यांच्या जमिनींविषयीचे नियम १९९१ त झाले व २००१ त बदलले, आणि त्या जमिनींतून कामगारांस काय मिळणार ह्यासाठी मोठा लढा झाला. म्हाडाने २०१२ साली त्यांच्यासाठी सोडत काढली. अर्जदारांच्या मानाने सदनिका फारच थोड्या होत्या, आणि वाट पाहणारे अजून पुष्कळ आहेत. ह्या लढ्यातील फलक व निवेदने पाहिली तर एक गोष्ट सहज नजरेस येते. त्यांत 'खोली' हा शब्द जवळजवळ नाहीच, आणि 'बिऱ्हाड' तर कोठेच नाही. मागणी सर्वत्र एकाच शब्दात केलेली आहे: गिरणीकामगारास मुंबईत घर.